टोपणाखालचा अंगारा

पांढऱ्या शर्टाची डावी बाही इस्त्री करून झाली होती, उजवी तशीच चुरगळलेली पडली होती, आणि नेमका तेव्हाच नवऱ्याचा, नारूचा, घरीच राहिलेला फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘हेमालीबेन’. ते नाव नारूने स्वतः घालून घेतलेलं. विठाबाईचं नाव मात्र त्याच फोनात नुसतं ‘घर’ असं होतं, आणि फोन वाजला की दर खेपेला ही गोष्ट तिला नव्याने आठवायची.

इस्त्री उभी ठेवून तिने फोन उचलला.

“काकी, जय श्रीकृष्ण. काका आहेत?”

“जेट्टीवर गेलेत. काय ते मला सांग.”

“उद्या काकांबरोबर तुम्ही पण या ना तलासरीला. सरांना घरच्यांशी बोलायचंय. मशीनवर काकांचे सिग्नल बरोबर येत नाहीयेत.”

“म्हणजे काय होतंय?”

“आधी प्रत्येक बोटाचा वेगळा यायचा ना, आता सगळे एकात एक येतायत. या तुम्ही, समजावते. आणि काकांना सांगा डबा नको, मी थेपले आणते.”

विठाबाईने फोन ठेवला आणि उजव्या बाहीकडे बघितलं. नारूचा उजवा हात कोपराखाली नव्हता. म्हणून त्याच्या सगळ्या शर्टांच्या उजव्या बाह्या तिने आखूड करून, काठ दुमडून, हाताने शिवल्या होत्या. आता ही बाही राहू दे अशीच, असं म्हणून तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग तिच्या ध्यानात आलं, चुरगळलेली बाही बघून ती पोरगी नारूला थोडीच नावं ठेवील? ठेवील ती घरच्या बाईला. तिने बटण परत चालू केलं आणि बाहीवर असा जोर दिला की घडी सुरीसारखी उमटली.

विठाबाई मूळची झाईची. लग्न होऊन डहाणूला खाडीकाठच्या आळीत आली तेव्हा नारू दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. सासूने पहिल्याच सकाळी तिला दोन गोष्टी सांगितल्या. दर्यावर निघालेल्याला ‘कधी येणार’ विचारायचं नाही, आणि दर्याने जे नेलं त्याचं घरात नाव काढायचं नाही. नाव काढलं की गेलेलं उंबऱ्याशी घुटमळत राहतं. विठाबाईने दोन्ही पाळल्या. तशी ती सगळंच नेमाने पाळणारी. पहाटे दिवा, शुक्रवारी उपास, चैत्रात महालक्ष्मीची जत्रा, आणि देवळातून आणलेला अंगारा वर्षभर पुरवून पुरवून घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाला.

देवघरात ती जितकी मऊ, तितकीच बाजारात तिखट. वाणगावच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. एखाद्या गिऱ्हाईकाने पापलेट उलटंपालटं करून, कल्ले उघडून, डोळे बघून नाक मुरडलं, की ती म्हणायची, “भाऊ, लगीन लावायचंय का तिच्याशी? नाय ना? मग घे की पिशवीत!” आजूबाजूच्या बायका खदखदून हसायच्या आणि गिऱ्हाईक मुकाट पैसे काढायचं. तोंडाला तोंड देण्यात विठाबाई कुणाला हरली आहे, असं बाजारात कुणी पाहिलं नव्हतं.

नारूचा हात गेला तो जाळं ओढताना. विंचवर, जाळं ओढायच्या चक्रावर, दोर गुंडाळला जात होता, त्यात हाताचा पंजा सापडला, आणि विंच थांबेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. जीव वाचला हीच देवीची कृपा. इस्पितळातून घरी आणला तेव्हा विठाबाईने उंबऱ्यावर भाताची मूठ ओवाळून टाकली, अंगारा लावला आणि त्याला निजवलं. त्या पहिल्याच रात्री तो कण्हत म्हणाला, “हात दुखतोय गो.”

“कुठचा?”

“उजवा.”

“जो नाय तो कसा दुखेल? दर्याने नेला तो नेला. देवीने कपाळ राखलंय. आता त्याचं नाव काढायचं नाय या घरात, माझी शप्पत आहे.”

नारूने शपथ पाळली. डाव्या हाताने जेवायला शिकला, एका हाताने लुंगी बांधायला शिकला, जेट्टीवर बसून दुसऱ्यांच्या जाळ्यांच्या गाठींना नावं ठेवायला शिकला. पण उजव्या हाताबद्दल चकार शब्द काढला नाही. कधी कधी मध्येच उठून ओटीवर जाऊन बसायचा. विठाबाईला वाटायचं, माणूस काळजीने उठतो. ती पाण्याचा तांब्या नेऊन ठेवायची आणि परत निजायची.

मग तलासरीपुढे हायवेवरच्या मोठ्या इस्पितळात हात-पाय गेलेल्यांसाठी शिबिर लागलं. आळीतले सगळे म्हणाले जा, म्हणून नारू गेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासला आणि वेगळाच प्रस्ताव मांडला. त्याच्या दंडातल्या नसांभोवती वाळ्यासारखी बारीक, मऊ कडी बसवायची. कड्यांच्या आतून केसांहून बारीक तारा, त्या कातडीतून बाहेर काढून दंडावर बटणाएवढ्या सॉकेटला जोडायच्या. पुढे कधीतरी यंत्राचा हात बनेल, तो या तारांवरून माणसाच्या मनासारखा हलेल. पण आधी नस काय बोलते ते नीट ऐकायला शिकायचं. ते ऐकायचं काम हेमालीचं. ती उंबरगावची, इंजिनिअर, वयाने विठाबाईच्या मुलीसारखी.

नारू पहिल्या खेपेला घरी आला तो बोलतच आला. “हेमालीबेन म्हणते, हात गेला तरी डोकं त्याला निरोप धाडतच असतं. नस म्हणजे दोर. दोरात पुष्कळ पदर. एक पदर अंगठ्याचा, एक करंगळीचा. तिला अख्ख्या दोराचा आवाज नको, एकेका पदराचा पायजे. मी म्हटलं, बेन, म्हणजे भर बाजारात सगळ्या बायका ओरडतायत आणि तुम्हाला त्यातल्या एकटीचाच भाव ऐकायचाय! ती म्हणाली, काका, एकदम करेक्ट!”

“जेवताय ना?” विठाबाई म्हणाली.

“नको, थेपले खाल्ले तिकडे. काय मऊ गो!”

बाजारात बायका ओरडतायत म्हणे. वाणगावच्या बाजारात कोण ओरडत होतं इतकी वर्षं? ते या माणसाला घरी बोलताना कधी सुचलं नाही, आणि तिकडे मशीनपुढे बसल्यावर बरोबर सुचलं.

ऑपरेशन होऊन कडी बसली, आणि त्यानंतर दर पंधरवड्याला तलासरी. जायच्या दिवशी नारू दाढी करायचा. शेजारची पुष्पा भिंतीवरून बघायची.

“वहिनी, नारूभाऊ आज लग्नाला निघाले का?”

“डॉक्टरकडे जाताना माणसाने स्वच्छ जावं.”

“ते खरं. पण माझ्याकडे बर्फ मागायला येतात तेव्हा फाटक्या बनियनवर येतात, म्हणून आपलं विचारलं.”

विठाबाई हसायची आणि आत येऊन भांडी जोरात घासायची. नारूच्या मनात काही वाकडं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो त्या पोरीला बेन म्हणतो, पोटच्या पोरीसारखा बोलतो. पण पोटात जे जळतं त्याला असली समजूत पुरत नाही. हेमाली दुसरी बाई असती तर एकवेळ विठाबाईने तिला वेणीला धरून रस्त्यावर आणली असती. ही तर त्याच्या कातडीच्या आत कान लावून बसलेली. तिच्याशी भांडायचं तरी कुठल्या तोंडाने?

तरीही हे सगळं तिने गिळलं असतं. घास अडकला तो एका फोनवर. पावसाळा सरत आला होता. हेमालीचा आवाज आनंदाने नाचत होता.

“काकी, काकांची मूठ आज उघडली! अर्धी, पण उघडली. मशीनवर बघून बघून सराव करत होते ना. किती दिवस सांगत होते, नखं तळव्यात रुततात, झोप येत नाही...”

“हो ना,” विठाबाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती तिथेच मोरीपाशी बसली. कसली मूठ? कसली नखं? मग तिला ओटीवरचा तांब्या आठवला, आणि सगळं एकदम कळलं. नसलेल्या हाताची मूठ आवळलेली होती इतकी वर्षं. शेजारी निजणाऱ्या बाईला ते माहीत नव्हतं, आणि हायवेवरच्या पोरीला नखांसकट ठाऊक होतं. वर आपण ‘हो ना’ म्हणालो, जसं काही सगळं माहीतच होतं. ते ‘हो ना’ तिला आठवडाभर घशात काट्यासारखं टोचत राहिलं.

नारूला सरळ विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे गेलेल्याचं नाव काढायचं, आणि नाव काढू नका म्हणून शपथ कुणी घातली होती? तिनेच. मग तिला जे एक दार माहीत होतं तिथे ती गेली. देवीपाशी.

नारूच्या दंडावरच्या सॉकेटला काळं रबरी टोपण होतं. त्याच्या भोवतालची कातडी रोज मिठाच्या पाण्याने पुसायची, हे काम विठाबाईचं. ‘टोपण उघडायचं नाही, काकी,’ असं हेमालीने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. त्या शुक्रवारी दिवा लावून झाल्यावर नारू डोळे मिटून पाटावर बसला होता. विठाबाईने कातडी पुसली आणि टोपण उघडलं. आत सुईच्या टोकाएवढी भोकं होती, ओळीने, मुंग्यांच्या दारांसारखी. या दारांतून ती ऐकते तर, तिच्या मनात आलं. मग माझी देवी का बाहेर उभी? तीर्थाच्या थेंबात अंगारा कालवून तिने बोटाच्या टोकाने तो भोकांवर दाबला आणि टोपण लावून टाकलं.

“काय करतेस?”

“देवीचं लावलं.”

नारूने डोळे उघडलेसुद्धा नाहीत. त्यानंतर ती रोज लावू लागली. देवीचा अंगारा, त्यात वाईट ते काय? पण तो दाबताना तिच्या मनात फक्त देवीच होती, असं म्हटलं तर देवीलाच खोटं वाटेल.

आता हा फोन. सगळे सिग्नल एकात एक. विठाबाईला यंत्रातलं कळत नव्हतं, पण बोटाच्या टोकाला कळायचं ते कळलं होतं. त्या रात्री तिने कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं तलासरीच्या एसटीत बसली. विठाबाईच्या पिशवीत हेमालीचा मागचा स्टीलचा डबा होता, घासून लख्ख केलेला आणि रिकामा. त्यांच्या आळीत डबा कधी रिकामा परत जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. विठाबाईने मुद्दाम घातली नव्हती. नारूने मात्र बोर्डीहून बहिणीने धाडलेल्या चिकूंतले निवडक चिकू डाव्या अंगठ्याने एकेक दाबून बघून वर ठेवले होते.

“कुणाला हे?”

“तिकडे सगळ्यांना.”

“सगळ्यांना म्हणजे थेपलेवाल्या सगळ्यांना ना?”

नारू खिडकीबाहेर बघू लागला. चारोटीवरून गाडी हायवेला लागली, महालक्ष्मीचा डोंगर दिसला. विठाबाईने हात जोडले. एरवी डोंगर दिसायच्या आधीच तिचं मागणं तयार असायचं. आज काय मागावं ते सुचेना.

इस्पितळात ऑपरेशनच्या वेळी ती आली होती, पण रेकॉर्डिंगच्या खोलीत पाय टाकायची ही पहिलीच वेळ. हेमालीने दाराशी चपला काढल्या होत्या, जणू आत देवघरच आहे. नाव ठेवायला जागा सापडली नाही म्हणून विठाबाई आणखी चिडली. त्यातून हेमालीने शर्टाची आखूड बाही वर सरकवताना म्हटलं, “काकी, काय सुंदर शिवलीये बाही! कुठे टोचतच नाही.” विठाबाईला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच राग आला.

टोपण निघालं, वायर जोडली गेली. पडद्यावर रेषा उमटल्या, एकाखाली एक. बाजूला छोटा भोंगा होता. नस बोलली की तो तडतडायचा.

“काका, फक्त अंगठा. मनात अंगठा वाकवा.”

सगळ्याच रेषा एकदम उसळल्या. भोंगा घरघरला.

“आता फक्त करंगळी.”

पुन्हा तेच. अंगठा म्हणा, करंगळी म्हणा, मधलं बोट म्हणा, सगळ्या रेषा एकसारख्या थयथय नाचत होत्या. नारूच्या कपाळावर घाम आला. “मी एकच करतोय, बेन. शप्पत एकच करतोय.”

“माहीत आहे काका, तुमचं काही चुकत नाही.”

डॉक्टर पुढे झाले. ते शांत आणि सरळ बोलणारे होते. “विठाबाई, बाहेरची वायर बदलून पाहिली, मशीनही बदललं. बहुतेक आतच बिघाड आहे. कडं सरकलं असेल किंवा तार तुटली असेल. जे चालत नाही ते अंगात ठेवणं बरं नाही. लहानसं ऑपरेशन करून काढून टाकू. दोघांची तयारी असेल तर पुढच्या आठवड्यात.”

विठाबाईच्या मनात दिवाळीचा दिवा लागला. संपलं! दाढी संपली, थेपले संपले, ‘हेमालीबेन म्हणते’ संपलं. एक शब्द बोलायचा, ‘काढा’. तो शब्द तिच्या जिभेच्या शेंड्यावर येऊन बसलासुद्धा.

तेवढ्यात नारू हलक्या आवाजात म्हणाला, “काढल्यावर मूठ परत तशीच होणार काय गो, बेन?”

त्याने हे बायकोला विचारलं नाही, हेमालीला विचारलं. हेमालीने चष्मा काढून पुसला. “सांगता येत नाही, काका.”

“रुततात गो नखं,” तो म्हणाला आणि बाहीखाली जिथे काहीच नव्हतं तिथे बघत राहिला. “विंचचा दोर धरलेला, तशीच राहिली ती. सोडायचं राहून गेलं माझं.”

नवऱ्याच्या तोंडून विठाबाई हे पहिल्यांदा ऐकत होती. तिचं काळीज हललं, नाही असं नाही. पण त्याहून आधी तिचं डोकं चाललं, बाजारात चालायचं तसं. हात अंगाला होता तेव्हा या माणसाने त्याची कधी आठवण काढली? जाळी ओढली, भात कालवला, कूस बदलताना उशाशी घेतला, संपलं. कापून टाकला तेव्हापासून हा त्याच्यासाठी जागतोय. जे अंगाला असतं ते विसरायला होतं. कापलेलंच जन्मभर दुखतं. आता ही पोरगी आज तोडून टाकली, तर उद्यापासून हा ओटीवर बसून हिच्या नावाने उसासे टाकणार. ‘हेमालीबेन असती तर मूठ सुटली असती.’ समोर आहे तोवर हिला नाक मुरडता येतं, हिच्या थेपल्यांना नावं ठेवता येतात, रिकामा डबा धाडता येतो. नसलेलीशी कोण भांडणार? एक नसलेला हात घरात पुरेसा आहे, दुसरं नसलेलं माणूस नको.

“टोपणात बघा,” ती म्हणाली.

“काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“सॉकेटच्या त्या भोकांत बघा. आधी तिकडे बघा, मग काय कापायचं ते कापा.”

हेमालीने भिंगाचा दिवा ओढला आणि वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग सुईने काहीतरी उकरून पांढऱ्या कागदावर ठेवलं. राखाडी, ओलसर, चिकट.

“काकी, हे काय आहे?”

“महालक्ष्मीचा अंगारा.”

“टोपण उघडू नका म्हणाले होते ना मी?”

“तुम्ही त्यांची नस उघडलीत. मी टोपण उघडलं.”

डॉक्टरांना एकाएकी खोकला आला आणि ते खिडकीकडे वळले. “विठे!” नारू ओरडला. एवढ्या मोठ्याने तो लग्नानंतर दोनदाच ओरडला असेल.

हेमाली मात्र हसली नाही. “काकी, ही ओली राख सगळ्या भोकांमध्ये पसरली. एका तारेचं बोलणं दुसरीत, दुसरीचं तिसरीत. म्हणून सगळं एकत्र येत होतं. ते जाऊ दे. पण घाण कातडीतून आत उतरली असती, पू झाला असता, तर दंड पण काढावा लागला असता. देवीला चाललं असतं?”

विठाबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. वाणगावचा अख्खा बाजार तिथे असता तर त्याने कपाळाला हात लावला असता.

“कपाळाला लावा,” हेमाली पुढे म्हणाली, “गळ्याला लावा, वाटलं तर माझ्या मशीनला लावा. इथे नाही. आणि मिठाचं घरचं पाणी बंद. मेडिकलमधून सलाईनची बंद बाटली आणि गॉझ आणायचं, त्यानेच पुसायचं, टोपणाच्या बाहेरून. कळलं?”

“कळलं,” विठाबाई म्हणाली. सुनेने सासूला म्हणावं तसं.

स्पिरिट, बारीक ब्रश, मग गार हवेने वाळवणं. पुन्हा वायर जोडली.

“काका, अंगठा.”

एक रेष उसळली. बाकीच्या ओहोटीच्या पाण्यासारख्या सपाट. भोंग्यात तेलात मोहरी पडावी तशी तडतड.

“करंगळी.”

खालची दुसरीच रेष. नारू पडद्याकडे असा बघत होता, जसा दूरवर आपल्या बोटीचा दिवा दिसला की बघायचा. डॉक्टर म्हणाले, “काढायचा विषय आज तरी बंद,” आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

विठाबाई खुर्ची ओढून पडद्याजवळ आली. “मी सांगू का यांना एकदा?”

“सांगा ना काकी! म्हणा, मूठ सोडा.”

सांगायला गेली आणि सासूचा उंबरा आडवा आला. इतक्या वर्षांत त्या हाताचं नाव तिने काढलं नव्हतं. तिने पदर खांद्यावर ओढला, मनात देवीची क्षमा मागितली आणि म्हणाली, “अहो, तुमची उजवी मूठ सोडा.”

पडद्यावर धिंगाणा झाला. वरच्या, खालच्या, सगळ्या रेषा एकमेकींवर कोसळल्या, भोंगा भरतीसारखा घोंघावला. नारूचे कान लाल झाले होते.

“काका, खांदा आखडू नका!” आता मात्र हेमाली हसत सुटली. “दंडाचे, मानेचे, सगळे स्नायू मध्ये घुसतायत. काकी, परत म्हणा.”

विठाबाई परत म्हणाली. परत तोच धिंगाणा.

“नाही होणार. काकी बोलल्या की काकांचं एक काही वेगळं निघतच नाही, सगळंच एकदम येतं. हे रेकॉर्डिंग फुकट गेलं.” तिने ते पुसून टाकलं.

विठाबाईला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. हिला एकेक बोट वेगळं मिळतं, मिळू दे. आपल्या हाकेला अख्खा माणूस गडबडतो. निघताना तिने स्टीलचा डबा पुढे केला. हेमालीने तो रिकामा आहे हे बघितलंसुद्धा नाही. पिशवीतले चिकू काढून घेतले आणि त्याच डब्यात थेपले भरून तो परत विठाबाईच्याच हातात दिला. ही चपराक मात्र बरोबर बसली.

परतीच्या एसटीत विठाबाईने डबा उघडला. एक थेपला खाल्ला. मीठ जरा जास्त होतं. हे सापडल्यावर तिला इतकं बरं वाटलं की तिने दुसराही खाल्ला.

नारू अजून घुश्शात होता. डोंगर मागे गेला, चारोटीला गाडी थांबून निघाली, तेव्हा ती म्हणाली, “अहो, आता कशी आहे?”

“काय कशी आहे?”

“मूठ.”

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. शपथ घालणारी बाई हीच ना, याची खात्री करून घ्यावी तसं. मग म्हणाला, “अर्धी सुटलीय. अंगठा आत दाबलेला आहे अजून.”

“कुठे रुततो?”

नारूने डावा हात पुढे केला, तिचा हात मांडीवर उताणा केला आणि अंगठ्याचं नख तिच्या तळव्यात रुतवलं, करंगळीच्या खालच्या उंचवट्यावर. “इथे.”

तिने हात तसाच राहू दिला.

“हे हेमालीला दाखवलंत?”

“तिच्या तळव्यावर कसं दाखवणार? तिला मशीनवर दाखवलं.”

“बरं,” विठाबाई म्हणाली, आणि तळवा मिटून घेतला.

डहाणूला उतरल्यावर तिने डब्याची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली, त्याला घरी जाऊन दिवा लावायला सांगितलं, आणि सलाईनची बाटली आणि गॉझचं पाकीट घ्यायला ती स्टेशनजवळच्या मेडिकलकडे निघाली.